ताईंच्या मागून बाबोकिवारी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या ८६ क्रमांकाच्या रस्त्याने शहराची वस्ती मागे पडली की डाव्या हाताला, दूर दक्षिणेकडे, डोंगरांच्या एका लांबलचक रांगेतून एकच कातळ सरळ वर उठलेला दिसू लागतो. त्याच्या शेजारचे डोंगर चांगले उंच आहेत, तरी त्याच्यापुढे ते बसून राहिल्यासारखे वाटतात. दक्षिण ॲरिझोनात राहणाऱ्या माणसाने हा आकार एकदा ओळखला की तो त्याला कुठूनही ओळखू येतो. हे बाबोकिवारी शिखर. उंची ७,७३० फूट, म्हणजे साधारण २,३५६ मीटर. यंदा मार्चच्या अखेरीस मी त्याच्या माथ्यावर उभी राहिले, आणि त्याआधी जानेवारीत त्याच माथ्याच्या काही शे फूट खालून परत फिरले. दोन्ही खेपांना माझ्यासोबत ताई होत्या, आणि दोन्ही खेपांचे निर्णय त्यांचे होते. त्यामुळे या शिखराबद्दल लिहायचे तर आधी त्यांच्याबद्दल लिहायला हवे.

ताईंचे वय अठ्ठावन्न. या वाळवंटात त्या तीस वर्षांपासून राहतात आणि त्यातली पंचवीस वर्षे कातळावर चढत आहेत. माझी त्यांची ओळख टूसॉनजवळच्या माउंट लेमनच्या कड्यांवर झाली. दोर कसा सोडायचा, बिले देताना, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळताना, हात कुठे असावा, पकडीवर भार देण्याआधी ती बोटांनी ठोकून कशी पाहायची, हे सगळे मी दोन वर्षे त्यांच्याकडूनच शिकले. बाबोकिवारीवर किती वेळा गेलात, असे मी त्यांना पहिल्यांदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "सात वेळा वर गेले आणि तीन वेळा परत आले." हे दोन्ही आकडे त्यांनी एकाच सुरात सांगितले, आणि त्यांच्याजवळच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत या दहाही खेपांच्या नोंदी सारख्याच तपशिलाने लिहिलेल्या मी नंतर पाहिल्या: निघण्याची वेळ, खिंडीत पोचण्याची वेळ, वारा, उरलेले पाणी, आणि शेवटी एखादी चूक झाली असल्यास ती.

वाळवंटातल्या डोंगराची खरी अडचण चढण नसून पाणी आहे, हे ऐकून माहीत असणे वेगळे आणि ते पाठीवर वाहून नेणे वेगळे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटर घेतले की दोर, हार्नेस म्हणजे दोर बांधायचा कमरेचा पट्टा, हेल्मेट आणि खाण्याच्या आधीच पाठीवर पाच किलो झालेले असतात. वाटेत कुठेही भरवशाचा झरा नाही. शिवाय इथली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर टिकतच नाही, निघाल्याबरोबर उडून जातो. दमट प्रदेशात भिजलेला सदरा माणसाला सांगत असतो की शरीरातले पाणी चालले आहे. इथे सदरा कोरडाच राहतो आणि पाणी मात्र तितकेच जात राहते. उन्हाच्या चढणीवर तासाला एक लिटर घाम जाणे ही काही असाधारण गोष्ट नाही. म्हणून ताई तहानेवर विसंबत नाहीत. त्यांच्या पहिल्या बाटलीला पाच रबर लावलेले असतात, आणि एक लिटर संपला की त्यातला एक रबर काढून त्या मनगटात घालतात. मनगटावरचे रबर आणि घड्याळ यांचा मेळ बसत नसेल, म्हणजे वेळ पुढे गेली आणि रबर मागे राहिले असतील, तर त्या थांबतात आणि प्यायला लावतात. सोबत खारवलेले शेंगदाणे असतातच, कारण घामातून मीठही जाते आणि नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम कमी होऊन माणूस गोंधळतो, त्याला मळमळते, आणि अधिक पाणी पाजल्याने तो आणखी बिघडतो. डोके दुखत असलेल्या जोडीदाराला पाणी द्यावे की मीठ द्यावे, हा प्रश्न ऐन डोंगरात पडू नये म्हणून दोन्ही आधीपासून थोडे थोडे घेत जायचे, इतका साधा त्यांचा हिशेब आहे.

हा डोंगर कोणाचा, हेही त्यांनी मला चढाईच्या आधी सांगितले. तोहोनो ओऑडम, म्हणजे 'वाळवंटातले लोक', या इथल्या मूळनिवासी जमातीचा हा पवित्र डोंगर आहे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे सृष्टी घडवणारा ईइतोई याच शिखराखालच्या एका गुहेत राहतो, आणि तिथे लोक आजही काही ना काही वाहून येतात. बाबोकिवारी हे नाव त्यांच्या भाषेतल्या 'वाव किवुलिक' या नावावरून आले असून त्याचा अर्थ साधारणपणे 'मध्येच आवळलेला खडक' असा होतो. पश्चिमेची बाजू ओऑडम राष्ट्राच्या हद्दीत आहे आणि तिकडून जायचे तर त्यांचा परवाना लागतो. पूर्वेकडचा सुमारे २,०६५ एकरांचा तुकडा १९९० पासून केंद्र सरकारचे संरक्षित वन्यक्षेत्र आहे. आम्ही पूर्वेकडून, थॉमस कॅन्यनच्या वाटेने गेलो. गुहेकडे ताई कधीच गेलेल्या नाहीत. "आपल्याला कोणी बोलावलेलं नाही," एवढेच त्या म्हणाल्या. दगडाचा तुकडासुद्धा तिथून उचलायचा नाही आणि माथ्यावर आरडाओरडा करायचा नाही, या दोन गोष्टी त्यांनी मला गाडीतच सांगून ठेवल्या होत्या.

जानेवारीतल्या त्या दिवशी आमचे गणित सुरुवातीलाच चुकले. २८६ क्रमांकाचा रस्ता आल्टार खोऱ्यातून दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या ससाबेकडे जातो. तो सोडून पश्चिमेला कच्च्या रस्त्याला लागल्यावर काही मैलांतच गाडीचे मागचे चाक एका टोकदार दगडावर फाटले. चाक बदलण्यात आणि पुढचा रस्ता जपून काढण्यात वेळ गेला, आणि साडेपाचला सुरू व्हायची चाल सव्वाआठला सुरू झाली. पाठीवर पिशव्या चढवताना ताईंनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "दुपारी एक वाजता जिथे असू तिथून परत. आत्ता ठरवू या, कारण एक वाजता तुला हे पटणार नाही." मी हो म्हटले. त्या क्षणी ते मला खरोखरच पटले होते.

खालचा भाग मेस्किटची झाडे, चोया निवडुंग आणि ओकोटियो झुडपाच्या काठ्यांचा आहे. कोरड्या ओढ्याच्या काठाने जाताना माझ्या पिंडरीला चोयाचा एक गोळा चिकटला. चोयाचे काटे पाहायला मऊ लवेसारखे दिसतात, पण प्रत्येक काट्यावर उलट्या दिशेचे सूक्ष्म दात असतात, त्यामुळे ते आत सहज शिरतात आणि बाहेर मात्र कातडी ओढत येतात. वेदनेच्या भरात मी हात खाली नेला, आणि ताईंनी माझे मनगट वरच्यावर धरले. "हात लावलास की तो हाताला चिकटेल. हलू नकोस." त्यांनी पिशवीच्या वरच्या कप्प्यातून एक साधा रुंद दातांचा कंगवा काढला, तो पिंडरी आणि गोळा यांच्या मधून हळूच सरकवला, आणि बाहेरच्या दिशेने एक झटका दिला. गोळा दहा फूट लांब जाऊन पडला. कातडीत अडकलेले सात काटे त्यांनी चिमट्याने, एकेक करून, अजिबात घाई न करता काढले. उशीर झालेला असताना त्यांनी त्या कामाला पंधरा मिनिटे दिली. ती पंधरा मिनिटे मला तेव्हा वाया गेल्यासारखी वाटली. पण आत राहिलेला एक काटा पुढच्या चार हजार फुटांच्या चढउतारात काय करू शकला असता, ते मला त्या संध्याकाळी इतरांच्या पायांबद्दल त्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून कळले.

वर चढत जाऊ तसा निवडुंग विरळ होतो आणि ओकची झाडे लागतात. त्यांच्या सावलीत वाळवंटात असल्याचा क्षणभर विसर पडतो. मात्र झाडांखालून बाहेर पडले की घायपाताच्या छोट्या छोट्या गड्ड्या असतात, ज्यांची पाती नेमकी नडगीच्या उंचीवर रोखलेली असतात. पायवाट तिथे वारंवार हरवते. ताई अशा जागी पुढे जात नाहीत. त्या मागे वळतात आणि आलेली वाट उतरताना कशी दिसेल ते पाहून घेतात. एका ठिकाणी दोन घळी अगदी सारख्या दिसत होत्या. ताईंनी मला उतरायची घळ ओळखायला सांगितले आणि माझे उत्तर चुकले. मग त्यांनी डावीकडच्या घळीच्या तोंडाशी असलेला वीज पडून चिरलेला ओक दाखवला. त्या ओकची मला संध्याकाळी फार गरज पडली.

खिंडीत पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. तिथून शिखराचा कातळ अंगावर येतो. वाट त्याला वळसा घालून उत्तरेच्या अंगाने जाते, आणि मग झाडीतून एकदम एका रुंद, तिरप्या ग्रॅनाइटच्या पाटावर बाहेर काढते. चढणारे लोक त्याला ग्रेट रॅम्प म्हणतात. तो फार अवघड नाही, पण खाली उतरताना तिथे दोर लावावा लागतो. तो ओलांडून आणखी थोडी खाच-कपारीतली चढाई केली की पुढे उभी भिंत येते. तिचे नाव लॅडर पिच. चढाईची अवघडता सांगणाऱ्या योसेमिटी पद्धतीच्या श्रेणीत तिला ५.६ धरतात, म्हणजे सरावाच्या माणसाला सोपी, परंतु पडल्यास जीवावर बेतणारी. या भिंतीच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती. वारा वाढला होता. माथा दिसत नव्हता, पण तो किती जवळ आहे हे मला ठाऊक होते.

ताई म्हणाल्या, "परत."

मी म्हटले, "ताई, फक्त वीस मिनिटं जास्त झालीत. ही भिंत तासाभरात होईल."

"होईल," त्या म्हणाल्या. "वर जाणं होईल. खाली येताना हीच भिंत, मग तो पाट, मग खिंड. पावणेसहाला सूर्य मावळेल. दोर काढताना अडकला तर अंधारात कोण सोडवणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, आवाज चढवला नाही, समजूतही काढली नाही. दोर त्यांच्या पिशवीत होता आणि त्यांनी तो बाहेरच काढला नाही.

उतरताना मी त्यांच्याशी बोलले नाही. खिंडीपर्यंत मनात एकच वाक्य घोळत होते, की या वयात माणूस अति सावध होतो. आज ते वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण ते माझ्या मनात आले होते हे खरे आहे. पाटावरून दोराने उतरलो, खिंड ओलांडली, आणि ओकच्या रानात असतानाच प्रकाश गेला. वाळवंटात संध्याकाळ लांबत नाही. सूर्य गेला की कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही आणि अर्ध्या तासात दात वाजू लागतात. हेडलॅम्पच्या पिवळ्या वर्तुळात प्रत्येक गड्डी, प्रत्येक दगड सारखाच दिसत होता. दोन घळींच्या तोंडाशी मी थांबले, आणि मला कोणतीही आठवण आली नाही. मग उजेड डावीकडे फिरवला तेव्हा तो चिरलेला ओक दिसला. गाडीपाशी पोचलो तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती, आणि माझ्या बाटलीत शेवटचे दोन घोट होते. आम्ही ती भिंत चढलो असतो तर त्या वेळी आम्ही नुकतेच खिंडीच्या आसपास असतो.

गाडीत बसल्यावर ताईंनी वही उघडली, छोट्या दिव्याखाली चार ओळी लिहिल्या आणि मग म्हणाल्या, "सात आणि चार."

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी या शिखराच्या पहिल्या नोंदलेल्या चढाईबद्दल मिळेल ते वाचले. रॉबर्ट फोर्ब्स हे ॲरिझोना विद्यापीठातले प्राध्यापक १८९४ मध्ये टूसॉनला आले आणि त्याच वर्षापासून त्यांनी बाबोकिवारीचा ध्यास घेतला. चार वेळा ते अपयशी होऊन परतले. पाचव्या खेपेला, १२ जुलै १८९८ रोजी, ते हेसुस मोन्टोया यांच्यासह माथ्यावर पोचले. अवघड भिंतीसाठी त्यांनी आकडा लावलेले एक साधन नेले होते. रात्री त्यांनी वर मोठा जाळ केला. आजही आम्ही ज्या मार्गाने गेलो त्याला फोर्ब्स-मोन्टोया मार्ग म्हणतात, पण बोलताना पुष्कळदा नुसते फोर्ब्स एवढेच नाव घेतले जाते, आणि ते मला खटकते. दोन माणसे वर गेली होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणी नसते तर पहिल्या टोकाची गोष्टच उरली नसती. ताई मात्र पहिल्यापासून दोन्ही नावे घेतात. फोर्ब्स पुढे पुन्हा पुन्हा त्या शिखरावर गेले आणि १९४९ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, शेवटचे चढले. त्या खिंडीतून उतरताना मनात आलेल्या वाक्याचे उत्तर मला हे वाचताना मिळाले.

मार्चच्या अखेरीस आम्ही आदल्या दिवशी दुपारीच कच्चा रस्ता पार केला आणि गाडीजवळच मुक्काम केला. ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करत नाहीत, त्यामुळे सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होता. आम्ही साडेचारला निघालो. परत फिरण्याची वेळ पुन्हा एकचीच ठेवली होती. दिवस मोठा झाला आहे तर दोन का नको, असे मी विचारले. "वेळ जास्त आहे, पण ऊनही जास्त आहे," ताई म्हणाल्या. मार्चच्या शेवटी खोऱ्यात दुपारी पंचवीस-तीस अंशांपर्यंत पारा जातो आणि उतरताना उन्हात तीन-चार तास चालायचे असते. आणखी दोन महिन्यांनी तर याच वाटेवर कधी कधी चाळीसच्या आसपासची उष्णता असते, आणि जुलैपासून दुपारच्या वादळांत विजा पडतात. म्हणून शहाणी माणसे उन्हाळ्यात या डोंगराच्या वाटेला जात नाहीत.

ओकच्या रानात उजाडले. मेक्सिकन जे या निळ्या पक्ष्यांचा एक मोठा थवा झाडाझाडांवरून आमच्या पुढे पुढे कलकलाट करत जात होता. सव्वासातला खिंड आली. तिथे ताईंनी एका ओकच्या मुळाशी, दगडांच्या आडोशाला, एक लिटरची भरलेली बाटली ठेवली आणि तिच्यावर सपाट दगड टेकवला. "ही आपली नाही. ही परत येणाऱ्या माणसांची आहे," असे त्या म्हणाल्या, आणि वर पोचण्यासाठी आम्ही त्या पाण्याचा हिशेब धरायचा नाही, हे मला आपोआप समजले.

पाट चढून लॅडर पिचखाली आलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. जानेवारीत मी ज्या दगडावर बसून रागाने पाणी प्यायले होते, त्याच दगडावर आता ऊन पडले होते. भिंतीला लॅडर म्हणजे शिडी हे नाव का, ते तिथे उभे राहिल्यावर कळते. १९३० च्या दशकात वणवे हेरण्यासाठी माथ्यावर एक चौकी बांधली गेली आणि तिथवर पोचायला या भिंतीवर शिड्या लावल्या गेल्या. चौकी गेली, शिड्याही गेल्या, पण कातळात रोवलेले लोखंड काही ठिकाणी अजून आहे. गंजून तांबूस काळे झालेले ते तुकडे हाताला खरबरीत लागतात, आणि त्यांच्यावर भार टाकायचा मोह होतो. ताईंनी तो मोडून काढला. नव्वद वर्षांच्या लोखंडाचे आतून काय झाले आहे हे कोणालाच दिसत नाही, तेव्हा कातळाची पकड असताना त्याला हात लावायचे कारण नाही.

दोर बांधल्यावर एकमेकींची तपासणी करायची, हा त्यांचा नियम मला दोन वर्षांपासून अंगवळणी पडला होता. आठाची गाठ बोटांनी मोजायची, हार्नेसचे बक्कल ओढून पाहायचे, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू आवळला आहे का ते दाबून पाहायचे. हे डोळ्यांनी करायचे नाही, हातांनी करायचे. मी ताईंची गाठ पाहिली, त्यांनी माझे बिले उपकरण पाहिले, आणि त्या चढू लागल्या.

त्यांचे चढणे पाहण्यासारखे असते. त्या हाताने स्वतःला वर ओढत नाहीत. पाय नीट ठेवतात, त्यावर उभ्या राहतात, आणि मग हात पुढच्या जागी जातो. एखाद्या कपारीत हात घालण्याआधी त्या थबकून ऐकतात, कारण या भागात मधमाश्यांची पोळी असतात आणि आफ्रिकी संकराच्या इथल्या माश्या फार आक्रमक आहेत. कपारीच्या सपाटीवर बोटे टेकण्याआधी मान उंचावून पाहतात, कारण वसंतातल्या पहिल्या उन्हात रॅटलस्नेक हे विषारी सापही नेमक्या तशाच जागा शोधतात. त्यामुळे बघणाऱ्याला त्या सावकाश चढत असल्याचे वाटते, पण त्या कुठेही अडकत नाहीत, आणि शेवटी वेळ कमीच लागतो. वरून त्यांचा आवाज आला, दोर ताणला गेला आणि माझी पाळी आली.

भिंतीच्या साधारण मध्यावर मी अडकले. उजव्या पायाखाली बोटभर रुंदीची कोर होती, डावा पाय हवेत होता, आणि डाव्या हाताजवळ, अगदी नेमक्या जागी, तो गंजका लोखंडी तुकडा होता. पिंडरी थरथरू लागली. दोर वरून होता, पडले असते तरी हातभरच खाली आले असते, हे मला कळत होते, पण शरीराला ते कळत नव्हते. वरून ताईंना मी दिसत नव्हते. दोर हलायचा थांबला यावरूनच त्यांनी ओळखले असावे. त्या एवढेच म्हणाल्या, "श्वास सोड, मग टाच खाली कर." मी श्वास सोडला. टाच खाली गेली तशी थरथर थांबली, शरीराचा भार पुन्हा पावलावर आला, आणि मान वळवल्यावर गुडघ्याच्या उंचीवर डावीकडे एक चांगली खोबण दिसली, जी इतका वेळ तिथेच होती. लोखंडाला हात न लावता मी वर गेले.

त्यानंतर झुडपांमधून थोडी खडकाळ वाट आहे आणि मग माथा. दहा वाजून पस्तीस मिनिटे. वर जुन्या चौकीच्या पायाचे अवशेष आहेत आणि चारही बाजूंनी काहीही नाही. पूर्वेला आल्टार खोरे पिवळसर गवताचे, दक्षिणेला मेक्सिकोतल्या सोनोराच्या निळ्या रांगा, पश्चिमेला ओऑडमांची सपाट भूमी. उत्तरेला त्याच रांगेत पुढे किट पीक, आणि त्यावर वेधशाळेचे पांढरे घुमट. ती जागाही ओऑडमांचीच. १९५८ मध्ये तिथे राष्ट्रीय वेधशाळा स्थापन होताना त्यांनी खगोलशास्त्रज्ञांना 'लांब डोळ्यांची माणसे' असे नाव दिले होते. जून २०२२ मध्ये याच डोंगररांगेत वीज पडून लागलेला कॉन्ट्रेरास वणवा तिथवर पोचला. चार इमारती जळाल्या, दुर्बिणी मात्र वाचल्या. माथ्यावरून पाहताना त्या वणव्याने पार केलेले अंतर डोळ्यांसमोर येते आणि वणवे हेरायला इथे चौकी का बांधावीशी वाटली असेल, ते कोणी सांगावे लागत नाही. आम्ही हळू आवाजात बोललो. ताई पश्चिमेकडे तोंड करून काही वेळ हात जोडून उभ्या होत्या. मी त्यांना त्याबद्दल काही विचारले नाही.

पंचवीस मिनिटांनी उतरायला लागलो. लॅडर पिचच्या वरच्या अँकरवर, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या आधारावर, दोर ओवला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. दोराचे टोक संपल्याचे लक्षात न येता त्यावरून घसरून जाणे हा रॅपलिंगमधल्या, म्हणजे दोरावरून उतरण्यातल्या, अपघातांचा जुना आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगा प्रकार आहे, म्हणून भिंत लहान असली तरी गाठी मारायच्याच. ताई आधी उतरणार होत्या. त्यांनी उपकरण जोडले, मागे झुकण्याची तयारी केली आणि थांबून माझ्याकडे पाहिले. मी गाठ मोजली, बक्कल ओढले, आणि मग कॅराबिनर दाबला.

तो उघडला.

स्क्रू आवळायचा राहिला होता. पंचवीस वर्षांच्या सवयीच्या हातांनी सगळे केले होते आणि तेवढे एकच राहून गेले होते. मी काही बोलायच्या आधी माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळले. त्यांनी खाली पाहिले, स्क्रू आवळला, आणि म्हणाल्या, "परत दाब." मी दाबला, तो हलला नाही. "आता पहिल्यापासून सगळं परत बघ." मी गाठीपासून पुन्हा सगळे पाहिले. त्यांना संकोच वाटला नाही, त्यांनी कारण दिले नाही, वय किंवा थकवा यांची नावे घेतली नाहीत. त्या उतरल्या, आणि खालून त्यांनी दोर मोकळा झाल्याची हाक दिली तेव्हा माझे स्वतःचे कॅराबिनर मी तीन वेळा दाबून पाहिले.

दोर ओढताना तो खरोखरच अडकला, जानेवारीत ताईंनी म्हटले होते तसाच. भरदुपारच्या उजेडात आम्हाला तो कुठल्या खाचेत बसला आहे ते स्पष्ट दिसत होते; डावीकडे वीस पावले सरकून वेगळ्या कोनातून ओढला तेव्हा निघाला. दहा मिनिटे गेली. खिंडीत दगडाखालची बाटली जशीच्या तशी होती. पाणी सावलीमुळे अजून गार होते, आणि आम्ही दोघींनी ते अर्धे अर्धे, उभ्यानेच, एका दमात प्यायले. चिरलेला ओक मला या वेळी लांबूनच दिसला.

साडेतीनला गाडीपाशी आलो. ताईंनी मनगटातले रबर काढून बाटलीला परत लावले, वही काढली आणि नेहमीसारखे लिहायला लागल्या. मग वही माझ्याकडे सरकवली. वेळा होत्या, वारा होता, उरलेले पाणी होते, वर 'आठ आणि चार' असे लिहिलेले होते. शेवटच्या ओळीत लिहिले होते: 'लॅडर पिचवर उतरताना कॅराबिनरचा स्क्रू उघडा राहिला. हिने पाहिला.'